डॉक्टर आहेत, गोळ्या आहेत, मग हा ‘पीअर’ कशाला?

दहा ऑक्टोबर, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिवस, जवळ आला की या विषयावरच्या बातम्या वाढतात. हल्ली त्यांत ‘पीअर सपोर्ट’ हा शब्द वारंवार दिसायला लागलाय. संस्थांच्या नोकरीच्या जाहिरातींतही तो असतो आणि खाली ओळ असते, ‘मानसिक आजाराचा स्वानुभव असलेल्यांना प्राधान्य’. बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या आमच्या ओळखीच्या एका आजींनी मला विचारलं, “जो स्वतःच त्या दवाखान्यात राहून आलाय, तो माझ्या नातवाला काय सांभाळणार गं?”

आजींच्या प्रश्नात कुचकेपणा नाही, काळजी आहे. बडोद्यातल्या किती मराठी घरांना ही काळजी ठाऊक आहे! कारेलीबागेतलं मानसिक रुग्णालय किंवा सयाजी हॉस्पिटलची मानसोपचार ओपीडी, तिथं जाताना शेजारी भेटले तर “दातांसाठी आलो होतो” म्हणून सांगणारी माणसं आपल्यातलीच आहेत. माझ्या धाकट्या भावाला बायपोलर आजार आहे, म्हणजे मन कधी टोकाचं उंचावतं, कधी पार खचतं. त्यामुळे या विषयाकडे मी लांबून बघू शकत नाही, आणि बघायचंही नाही.

## पीअर म्हणजे नक्की कोण?

स्वतः मानसिक आजारातून गेलेला, बऱ्यापैकी सावरलेला, आणि रीतसर प्रशिक्षण घेऊन तशा त्रासाशी झगडणाऱ्या दुसऱ्याला साथ देणारा माणूस म्हणजे पीअर सपोर्टर. या लेखात त्याला नुसतं ‘पीअर’ म्हणू.

या व्याख्येतले तिन्ही भाग लागतात. नुसता अनुभव पुरत नाही, नाहीतर आपल्या आळीतले अर्धे लोक पीअर झाले असते. नुसतं प्रशिक्षणही पुरत नाही, कारण ते समुपदेशकाकडेही असतं. आणि ‘सावरलेला’ म्हणजे गोळ्या बंद झालेला असा अर्थ मुळीच नाही. कित्येक पीअर रोज रात्री आपली गोळी घेतात आणि सकाळी कामावर येतात.

सावरणं, म्हणजे ज्याला या क्षेत्रात ‘रिकव्हरी’ म्हणतात, ते आजार मुळापासून जाण्यापेक्षा वेगळं असतं. बॉस्टन विद्यापीठातल्या विल्यम अँथनी यांनी 1993 साली ते मांडलं: आजाराच्या मर्यादा असतानाही समाधानाचं, आशेचं आणि इतरांच्या उपयोगी पडणारं आयुष्य जगता येणं, ही रिकव्हरी. कानात आवाज अधूनमधून येत असतील, पण माणूस दुकान सांभाळतोय, बहिणीच्या मुलीच्या बारशाला जातोय, तर तो सावरतोय. डॉक्टरांच्या फाइलमध्ये लक्षणं मोजली जातात. घरातल्यांना मात्र हा दुसराच हिशेब लागतो.

## दोन ओपीडींच्या मधले दिवस

आपल्या देशातली स्थिती आधी बघू. बंगळुरूच्या निमहान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, त्यात गुजरातही होतं. त्यानुसार दर शंभर प्रौढांपैकी साधारण दहा-अकरा जणांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक विकार होता (10.6 टक्के). उपचाराविना राहिलेल्यांचं प्रमाण आजारानुसार 70 ते 92 टक्के होतं. मानसोपचारतज्ज्ञ लाख लोकांमागे एकसुद्धा नाही.

म्हणजे ज्याला डॉक्टर मिळाले तो नशीबवान. पण त्याचंही बघा. महिन्यातून एकदा ओपीडी. केसपेपर, रांग, डॉक्टरांसमोर काही मिनिटं. “झोप लागते? गोळ्या चालू आहेत ना?” मग औषधांची खिडकी आणि पुढची तारीख. डॉक्टरांना दोष देऊन उपयोग नाही, बाहेर शंभर माणसं बसलेली असतात. पण त्या काही मिनिटांनंतर जो महिना उरतो, तो माणसाने कोणाबरोबर काढायचा? आई रडते, वडील चिडतात, मित्र फोन उचलत नाहीत. आजार उलटतो तो बहुधा याच दिवसांत. गोळी सुटते, झोप उडते, आणि कोणाच्या लक्षात येईपर्यंत पुन्हा दाखल करायची वेळ येते.

पीअरचं काम या दिवसांतलं आहे. नर्मदा परिक्रमेला निघालेल्याला नकाशा मिळतो, पुस्तकं मिळतात. पण विमलेश्वरला पोचल्यावर समुद्र ओलांडून मिठी तलाईला नेणारी होडी भरतीच्या वेळेवर सुटते, तोवर वाट बघावी लागते, आणि त्या वेळी पायांपेक्षा धीर आधी संपतो, हे चालून आलेलाच सांगू शकतो. पीअर तो चालून आलेला माणूस.

## तो दिवसभर करतो काय?

एका पीअर काकूंचं काम मला जवळून बघायला मिळालं. पन्नाशीच्या, स्वतःला दोनदा तीव्र नैराश्य येऊन गेलेलं. त्यांच्याकडे एक चोवीस वर्षांचा मुलगा येत असे, स्किझोफ्रेनियाचं, म्हणजे भास आणि संशय येणाऱ्या आजाराचं, निदान झालेला. दवाखान्यात सगळे त्याच्याशी गुजरातीत किंवा हिंदीत बोलायचे आणि तोही चांगलं गुजराती बोलायचा. पण भीतीचं काही सांगायची वेळ आली की त्याला मराठीच सुचायचं. काकूंबरोबर ते सोपं झालं.

तो म्हणाला, “काकू, मी गोळी सोडणार आहे. सकाळी अकरापर्यंत डोळेच उघडत नाहीत.”

काकू “असं करू नकोस” म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “गोळी किती वाजता घेतोस?”

“साडेअकरा-बारा. पिक्चर संपला की.”

“मलाही सुरुवातीला असंच व्हायचं. दुपारी बारापर्यंत डोक्यात नुसता चिखल. मी डॉक्टरांना विचारलं, त्यांनी वेळ बदलून दिली. तुझी गोळी वेगळी, तुझे डॉक्टर वेगळे. पण विचारायला काय हरकत आहे? चल, लिहून ठेवू.”

मग केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्याच्याच हातून तीन प्रश्न लिहून घेतले. गोळीची वेळ बदलता येईल का? वजन वाढतंय त्याचं काय करायचं? आणि तिसरा त्याने बराच वेळ थांबून लिहिला: मी पुन्हा गाडी कधी चालवू शकतो? पुढच्या ओपीडीत त्याने तो कागद डॉक्टरांपुढे ठेवला. डॉक्टरांनाही बरं वाटलं असणार, कारण “काही त्रास?” या प्रश्नाला एरवी त्याचं उत्तर मान हलवण्यापलीकडे जात नसे.

यात काकूंनी औषध सांगितलं नाही, बदललं नाही, आणि ‘गोळी घेतलीच पाहिजे’ असं बजावलंही नाही. त्याला जी अडचण सांगायची लाज वाटत होती, ती आपल्यालाही आली होती, एवढं सांगितलं आणि ती योग्य माणसापर्यंत पोचवायला मदत केली. या कामाचा गाभा इथे आहे.

बाकीचं काम असंच बारीक-सारीक असतं. त्या मुलाचं पहिलं ध्येय होतं, हातगाडीवर जाऊन एकट्याने सेव-उसळ खायची. आपल्याला हसू येईल, पण गर्दीत प्रत्येक जण आपल्याकडेच बघतोय असं ज्याला वाटतं, त्याला मांडवीच्या परिसरात संध्याकाळी सात वाजता उभं राहणं म्हणजे काय, हे त्यालाच माहीत. काकूंनी त्याचे तुकडे पाडले. आधी दुपारी, गर्दी नसताना, दोघं मिळून. मग काकू रस्त्याच्या पलीकडे उभ्या. मग तो एकटा आणि काकू फोनवर. यात काही आठवडे गेले. मधे एकदा तो अर्ध्यातून परत आला, तेव्हा काकूंनी “काही हरकत नाही” म्हणून पुढच्या बुधवारची वेळ ठरवली.

याशिवाय बँकेत बंद पडलेलं खातं चालू करायला सोबत जाणं, अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचे कागद गोळा करायला मदत करणं, दाखल असलेल्या माणसाशी वॉर्डात बसून गप्पा मारणं, स्वमदत गटाची बैठक चालवणं, हेही पीअरकडे येतं. आणखी एक मोलाचं काम आहे, त्याबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017, जो 29 मे 2018 पासून लागू झाला, त्याने प्रत्येक सज्ञान व्यक्तीला एक हक्क दिलाय: ‘मी निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेन तेव्हा माझ्यावर कसे उपचार करावेत आणि कसे करू नयेत’ हे आधीच लिहून ठेवायचा. आपल्या वतीने बोलणारी व्यक्तीही नेमता येते. हे लिहायला बसणं सोपं नसतं. आपल्या सर्वांत वाईट दिवसांची आठवण काढत ते लिहावं लागतं. शेजारी तसेच दिवस काढलेलं कोणी असलं तर हात थरथरत नाही.

## तो काय करत नाही

निदान करत नाही. औषध सुचवत नाही, बंदही करायला सांगत नाही. उपचारपद्धती म्हणून समुपदेशन करत नाही. पैसे उसने देत-घेत नाही. घरच्यांचा हेर होत नाही, “तो गोळ्या घेतो का बघा आणि आम्हाला सांगा” ही विनंती आईवडिलांकडून हमखास येते आणि ती नम्रपणे नाकारावी लागते. आणि ‘मी बरा झालो तसाच तूही होशील’ असं वचन देत नाही, कारण ते खोटं असू शकतं.

## हे काही नवं खूळ आहे का?

मुळीच नाही. पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात अठराव्या शतकाच्या शेवटी ज्याँ-बाप्तिस्त प्युसाँ नावाचा कारभारी होता. तो स्वतः गंडमाळेचा (मानेत गाठी येण्याच्या आजाराचा) रुग्ण म्हणून तिथं आला होता. मनोरुग्णांची सेवा करायला तो बऱ्या झालेल्या रुग्णांनाच नोकरीवर ठेवत असे, कारण ते मारहाण करत नसत. त्याच्याकडून फिलिप पिनेल हे डॉक्टर शिकले, आणि पुढे रुग्णांच्या साखळ्या निघाल्या. अमेरिकेत 1935 साली सुरू झालेली अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही दारू सोडणाऱ्यांची चळवळ तर पूर्णपणे याच तत्त्वावर उभी आहे. 1999 मध्ये जॉर्जिया राज्याने पीअरच्या कामाचे पैसे सरकारी आरोग्य योजनेतून द्यायला सुरुवात केली आणि ते अधिकृत काम झालं.

आपल्या मराठी माणसाला तर एवढ्या लांब जायची गरजच नाही. पुण्यातलं मुक्तांगण 1986 पासून चालू आहे. व्यसनातून बाहेर पडलेली माणसं तिथं इतरांना बाहेर काढायला हात देतात, हे आपण किती वर्षं वाचत आलोय. तिथं आपल्याला कधी शंका आली नाही. दारू सुटलेला माणूस दारू सोडणाऱ्याला आधार देऊ शकतो, हे लगेच पटतं. मग स्किझोफ्रेनियातून सावरलेल्याच्या बाबतीत आपण का अडखळतो? मला वाटतं, दारुड्या माणसाला आपण वाईट समजतो पण शहाणा समजतो. मानसिक आजार झालेल्याच्या बुद्धीवरचाच विश्वास आपण काढून घेतो, आणि तो नंतर कधी परत देत नाही.

गुजरातमध्येही याचा पाया घातला गेलाय. 2014 ते 2016 या काळात जागतिक आरोग्य संघटनेचा ‘क्वालिटीराइट्स’ हा उपक्रम राज्यातल्या सरकारी मानसिक आरोग्य सेवांत राबवला गेला. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातल्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राचा त्यात मोठा वाटा होता. कर्मचाऱ्यांना रुग्णांच्या हक्कांचं शिक्षण देणं आणि स्वानुभवी स्वयंसेवक व आधारगट उभे करणं, ही त्यातली मुख्य कामं होती.

## पण याचा उपयोग होतो, याला पुरावा काय?

पुरावा आहे, पण त्याहून मोठं सांगायचा मोह टाळला पाहिजे. 2018 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंडमधला एक अभ्यास आला. तीव्र त्रासाच्या काळात घरी येऊन उपचार करणाऱ्या पथकाकडून नुकत्याच सुटलेल्या 441 लोकांचे दोन गट केले. दोन्ही गटांना सावरण्यासाठीची एक कार्यपुस्तिका दिली. एका गटाला ती पोस्टाने गेली, दुसऱ्या गटाला ती भरायला पीअरची सोबत मिळाली, जास्तीत जास्त दहा भेटी. वर्षभरात पुन्हा तातडीची सेवा घ्यावी लागलेले पहिल्या गटात 38 टक्के निघाले, पीअरची सोबत मिळालेल्या गटात 29 टक्के.

आणि 2022 साली इंग्लंडमध्येच 590 लोकांवर झालेल्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासात, रुग्णालयातून घरी जाताना पीअर दिल्याने पुन्हा दाखल होण्याचं प्रमाण म्हणण्यासारखं कमी झालं नाही.

दोन्ही खरे आहेत. एकूण अभ्यासांतून असं दिसतं की आशा वाढणं, आपल्या आयुष्यावर आपला ताबा आहे असं वाटणं, यात पीअरचा फायदा बराच सातत्याने दिसतो. लक्षणं कमी होणं किंवा दाखल होणं टळणं, यात तो कधी दिसतो, कधी नाही. ज्याला आशेची किंमत कमी वाटते, त्याने आजार झालेल्या माणसाच्या घरात चार दिवस राहून बघावं.

## “तोच पुन्हा आजारी पडला तर?”

पडू शकतो. मधुमेही नर्सची साखरही कधी वर जाते, म्हणून आपण तिला नोकरीवरून काढत नाही. पीअर आजारी पडला तर त्याला रजा मिळावी, त्याच्या जागी दुसरं कोणी यावं आणि ज्याला तो साथ देत होता त्याला हे नीट सांगितलं जावं, एवढी व्यवस्था संस्थेने आधी करायची असते. चांगल्या ठिकाणी पीअरला सुरुवातीलाच विचारतात, “तुमचा त्रास वाढायला लागला तर आम्हाला कशावरून कळेल, आणि आम्ही काय केलेलं तुम्हाला चालेल?” उत्तर लिहून ठेवतात. अडचण बहुधा येते ती ही व्यवस्था नसली की. एकटा पीअर, पंधरा-वीस माणसं, रात्री-अपरात्री फोन आणि त्याचं ऐकून घेणारं कोणी नाही, अशा स्थितीत धडधाकट माणूसही कोलमडेल. म्हणून ठरावीक दिवशी अनुभवी व्यक्तीबरोबर बसून मन मोकळं करण्याची सोय, जिला या क्षेत्रात ‘सुपरव्हिजन’ म्हणतात, ती असायलाच हवी.

## “आमचं गुपित बाहेर गेलं तर?”

आपल्या छोट्या समाजात ही भीती फार खरी आहे. रावपुऱ्यात कोणी शिंकलं तर मांडवीत कळतं. कायद्याने मानसिक आजाराच्या माहितीची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानलाय, आणि पीअरही संस्थेचा भाग असल्याने त्याने तो पाळायचाच. अपवाद एक: कोणाच्या जिवाला धोका आहे असं दिसलं, तर पीअर ते स्वतःजवळ ठेवत नाही, लगेच आपल्या वरिष्ठांना किंवा डॉक्टरांना सांगतो. आणि हे तो पहिल्या भेटीतच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे विश्वासघात झाल्यासारखं वाटत नाही. शक्य असेल तर ओळखीच्या, नात्यातल्या किंवा त्याच सोसायटीतल्या माणसाला पीअर म्हणून देऊ नये. तुम्हाला तसा दिला गेला, तर दुसरा मागायला संकोचू नका.

पीअरचं स्वतःचं गुपित हा मात्र जास्त अवघड प्रश्न आहे. हे काम घेतलं की आपल्याला आजार होता हे जगजाहीर होतं. “तुझ्या बहिणीचं लग्न व्हायचंय, कशाला गावभर करतोस?” हे घरात ऐकावं लागतं. त्यांच्यावर रागावून भागत नाही, स्थळं खरंच मोडतात. त्यामुळे किती सांगायचं, कोणाला सांगायचं, हे पीअरने स्वतः ठरवायचं. प्रशिक्षणात याचा सराव करून घेतात: आपल्या गोष्टीतला कोणता भाग समोरच्याच्या उपयोगाचा, आणि कोणता भाग अजून आपल्यालाच दुखतो. जो दुखतो, तो सांगायचा नाही. वर्तमानपत्रात फोटोसह मुलाखत द्यायला कोणीही भाग पाडू शकत नाही.

## “सेवाच आहे ना, मग पैसे कशाला?”

हा आक्षेप ऐकला की माझं मन दुखतं. मानसिक आजारातून उठलेल्या माणसाकडे आधीच वर्षं गेलेली असतात, नोकरी गेलेली असते. त्याला पुन्हा “फुकट राबा, पुण्य लागेल” म्हणणं अन्याय आहे. स्वयंसेवक म्हणून थोडे महिने काम करणं वेगळं. पण आठवड्याचे पाच दिवस, ठरलेल्या वेळी येऊन, जबाबदारी घेऊन काम करणाऱ्याला पगार हवा, ओळखपत्र हवं आणि वॉर्डातल्या बैठकीत खुर्ची हवी. बसभाडं आणि चहा देऊन त्याला ‘आमचा पीअर’ म्हणून पाहुण्यांपुढे उभं करणं म्हणजे त्याच्या आजाराची जाहिरात करणं. दिव्यांग हक्क कायदा 2016 मानसिक आजाराला अपंगत्व मानतो. सरकारी नोकऱ्यांतल्या चार टक्के आरक्षणातला एक टक्का ज्या गटांसाठी आहे, त्यांत मानसिक आजारही येतो. मानसिक आरोग्य कायद्याने तर राज्य प्राधिकरणातच मानसिक आजाराचा अनुभव असलेल्यांच्या प्रतिनिधींना जागा ठेवलीय. कायदा ज्यांना धोरण ठरवायला बोलावतो, त्यांना वॉर्डात पगार देताना हात आखडायचं कारण नाही.

## तुम्हाला किंवा घरातल्या कोणाला हे काम करायचं असेल तर

घाई करू नका. आपल्या डॉक्टरांशी बोला, परवानगीसाठी नव्हे, सल्ल्यासाठी. झोप, गोळ्या, रोजचा दिनक्रम काही काळ सुरळीत चालू असावा. आधी एखाद्या स्वमदत गटात बसून बघा. दुसऱ्याचं दुःख ऐकताना आपल्याला काय होतं, रात्री झोप लागते का, हे तिथं कळतं. काहींना तिथंच कळतं की हे आपलं काम नाही, आणि त्यात काही कमीपणा नाही.

संस्थेत जायची वेळ आली, तर चार गोष्टी विचारा. माझं काम काय आणि काय नाही, हे लेखी मिळेल का? माझ्याशी दर आठवड्याला बसून बोलणारी व्यक्ती कोण? पगार किती आणि आजारपणाची रजा किती? माझ्यासमोर कोणी आत्महत्येबद्दल बोललं, तर त्या क्षणी मी कोणाला फोन करायचा? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नाव आणि नंबरासह मिळालं पाहिजे. सरकारची टेली मानस ही 14416 क्रमांकाची मानसिक आरोग्याची मोफत फोनसेवा चोवीस तास चालू असते आणि तिथं आपल्या भाषेत बोलता येतं. पण संस्थेने तेवढाच नंबर दिला आणि स्वतःचं माणूस दाखवलं नाही, तर तिथं अजून पीअर ठेवायची तयारी झालेली नाही असं समजा आणि दुसरीकडे विचारा.